फुगा कडक, तर दोष पुढं

मंडळी, सगळ्यांना नमस्कार.

अलीकडचे आलात, पलीकडचे आलात. पलीकडच्यांना सकाळी मीच नावेतून आणलं, ते मागं बसलेत. मामंजी पुढं बसलेत. त्यांच्यासमोर बोलायचं म्हणजे जीभ जड होते.

मला भाषणाची सवय नाही. मला इंजिनाच्या आवाजावरून ओरडायची सवय आहे. आवाज मोठा वाटला तर सांगा. आणि मधेच थांबले तर काही सांगू नका. थोडं थांबा, मी परत चालू होईन.

गयाबाई माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे. त्यांना जाऊन अजून पंधरवडा झाला नाही, आणि घरात प्रत्येक वस्तू त्यांच्या आवाजात बोलते. त्यांचा आवाज तसाच होता, म्हणा. या काठावरून हाक मारली की त्या काठावरची शेळी मान वर करायची.

धरणाचं पाणी आलं तेव्हापासून आपलं गाव इकडं, आणि निम्मी शेतं, देवीचं देऊळ, लेकीबाळींची सासरं तिकडं. मधे पाणी. मामंजी नाव चालवायचे. त्यांची नजर मंदावली तेव्हा गाव म्हणालं, झालं, आता ही नाव काठाला लागली. आत्याबाई म्हणाल्या, "त्यांची नजर गेली, माझं कान हायेत की."

कुजबुज झालीच. बाईमाणूस. मधोमध इंजिन बंद पडलं तर काय करंल? आत्याबाईंना ती ऐकू गेली. त्यांना काय ऐकू जायचं नाही? पारावर जाऊन म्हणाल्या, "बंद पडंल की. तुमचं पडत न्हाई व्हय? पडल्यावर काय करायचं ते यायला पायजे."

आणि त्यांना ते येत होतं. मंडळी, ते कसं येत होतं, एवढंच मला आज सांगायचं आहे.

इंजिन बंद पडलं की गडीमाणसं काय करतात? दोरी ओढतात. घाम फुटेस्तोवर ओढतात. मग इंजिनाला शिव्या देतात, मग इंजिन विकणाऱ्याला. आत्याबाई दोरीला हात लावायच्या नाहीत. त्या आधी नावेतल्या सगळ्यांना सांगायच्या, "गप बसा." पाटील असो, सरपंच असो, नवरी असो, गप बसा. मग टाकीतून इंजिनाकडं जाणारी रबरी नळी हातात घ्यायच्या. त्या नळीच्या मधे पेरूएवढा रबरी फुगा असतो. तो दाबला की पेट्रोल पुढं सरकतं. फुगा हातात धरायचा आणि डोळे मिटायचे. वैद्य नाडी बघतो तशा.

मला त्यांनी हेच शिकवलं. मी नाव शिकायला बसले त्या पहिल्याच दिवशी. मी विचारलं, "आत्याबाई, इंजिन उघडायचं कधी शिकवणार?" तर म्हणाल्या, "उघडायचं शेवटी. आधी एवढं कळू दे, दोष मागं का पुढं. फुगा चपटा पडला तर दोष मागं, टाकीकडं. इंजिन उपाशी आणि फुगा कडक, तर दोष पुढं. आन् कितीबी दाबून कडकच होईना, तर कुठं तरी हवा शिरतीया. मागं का पुढं कळलं, म्हंजी निम्मं काम झालं."

मागं का पुढं. स्वयंपाकघरातसुद्धा हेच. भाजी बिघडली तर म्हणायच्या, दोष मागं का पुढं? मागं म्हणजे बाजारात, पुढं म्हणजे माझ्या हातात. बहुतेक वेळा पुढंच निघायचा.

आता दसऱ्याची गोष्ट. तुमच्यातल्या निम्म्या बाया त्या नावेत होत्या, त्यामुळं मी वाढवून सांगितलं तर पकडाल.

आदल्या दिवशी खंडेनवमी. घराघरात विळे, कोयते, नांगर, ट्रॅक्टर, सगळ्यांची पूजा. आमच्याकडं इंजिनाची. आत्याबाई पूजेत हात आखडायच्या नाहीत. इंजिनाला झेंडूची माळ. टाकीला माळ. आणि टाकीच्या झाकणावर हळदकुंकू असं भरघोस, पाणी घालून कालवून, की देवीला हेवा वाटावा. टाकी लाल, कुंकू लाल, कुणाला कळायचं काय?

दुसऱ्या दिवशी नाव भरून बाया देवीला निघाल्या. इंजिन चालू झालं, झकास चाललं. मधोमध आलो आणि खोकलं. खोकलं, आणि बंद. थोडं थांबून ओढलं तर चालू. जरा पुढं गेलो, परत बंद. वारा सुटलेला. नाव आडवी फिरायला लागली. एकीनं देवीचा धावा सुरू केला, दुसरी म्हणाली, पेट्रोल संपलं. टाकी हलवून बघितली तर निम्मी भरलेली.

आत्याबाई म्हणाल्या, "गप बसा." देवीचा धावासुद्धा बंद. फुगा हातात घेतला. मला म्हणाल्या, "बघ गं." मी हात लावला. फुगा चपटा. वाळल्या खारकेसारखा आत ओढलेला.

"मग दोष कुठं?" त्यांनी विचारलं. भर पाण्यात, नाव हेलकावे खातीया, आणि ह्या माझी परीक्षा घेतायत.

मी म्हणाले, "मागं."

"मग उघड झाकण."

मी झाकण सैल केलं. सगळी नाव चिडीचूप होती, म्हणून तो आवाज सगळ्यांनी ऐकला. सुस्स. टाकीनं श्वास घेतला. झाकणावर हवा आत जायला एक बारीक भोक असतं. त्या भोकात हळदकुंकू बसून वाळलं होतं. पेट्रोल बाहेर जातंय आणि हवा आत येत नाही, मग टाकी पेट्रोल सोडंल कशी?

आत्याबाईंनी पदरातली टाचणी काढली, भोक मोकळं केलं, आणि इतक्या मोठ्यानं हसल्या की नाव हलली. म्हणाल्या, "बायांनो, भक्ती माझीच आडवी आली. पूजा करायची तर नाक सोडून करा." पलीकडं पोचल्यावर ही गोष्ट त्यांनी स्वतः सांगितली. देवीच्या पुजाऱ्याला सांगितली, पारावर सांगितली. दुसरा कुणी असता तर झाकून ठेवली असती. तेव्हापासून आपल्या गावात खंडेनवमीला झाकणावर कुंकू लागत नाही. बाजूला लागतं. ही रीत माझ्या सासूनं पाडली. मला त्याचा अभिमान आहे.

आता दुसरी गोष्ट. ही परवाची.

आत्याबाईंच्या अस्थी प्रवरासंगमाला न्यायच्या होत्या. थोरले भाऊजी म्हणाले, शेजारच्या गावातून नाव सांगू, माणूसही त्यांचाच घेऊ. ते वाईट भावनेनं म्हणाले नाहीत. घरात दुःख, मी रडून थकलेली. आणि अस्थींच्या नावेला बाई कशी चालंल, असंही कुणी म्हणालं. भाऊजींनी हेही सांगितलं, की वर्षश्राद्धापर्यंत बघू, मग नाव-इंजिन देऊन टाकू. मी एवढंच म्हणाले, "आत्याबाई परक्याच्या नावेत बसायच्या नाहीत. त्यांना तुम्ही ओळखता." मामंजी म्हणाले, "तिला नेऊ द्या."

निघालो. माझे मालक अस्थींचं गाडगं मांडीवर घेऊन पुढं. भाऊजी मधे. आमच्याकडं अस्थी घेऊन निघालेली नाव माघारी आणत नाहीत, तुम्हाला माहीत आहे. आणि मधोमध इंजिन खोकलं. खोकलं, आणि बंद.

वारा समोरून. नाव हळूहळू मागं, गावाकडं सरकायला लागली. सगळे एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं दोरी ओढ, कुणी म्हणालं वल्हं घ्या, कुणी म्हणालं मी सांगत होतो. खरं सांगते, मंडळी, त्या घडीला मला इंजिनाचं काही सुचत नव्हतं. माझी सासू गाडग्यात होती, आणि तीच मला पाहिजे होती.

मग मी म्हणाले, "गप बसा."

माझ्या तोंडून त्यांचाच आवाज निघाला. सगळे गप बसले. माझे मालक माझ्याकडं बघत राहिले.

फुगा हातात घेतला. कडक. दगडासारखा. म्हणजे टाकी ठीक, झाकण ठीक. दोष पुढं. फुग्यापासून पुढं नळीवरून हात फिरवत गेले, वीतभर, अजून वीतभर, आणि माझा हात एका चपलेला लागला.

म्हणाले, "भाऊजी, जरा पाय उचला."

भाऊजींचा पाय, आणि भाऊजी अंगानं कसे आहेत ते समोर दिसतंच आहे. हसा, हसा, ते स्वतः हसतायत. पाय उचलला. दोरी ओढली. एका ओढीत इंजिन चालू.

संगमावर अस्थी सोडल्या. परत येताना भाऊजी पूर्ण वाटभर पाय पोटाशी घेऊन बसले होते. काठावर उतरताना म्हणाले, "नाव द्यायची न्हाई. तू चालीव." बस्स, एवढंच म्हणाले. मामंजींवर गेलेत, जास्त बोलणार नाहीत.

तर मंडळी, नाव चालू राहणार आहे. हे मी आज सगळ्यांसमोर सांगते. दुधाचे कॅन जातील, शाळेची पोरं जातील, दसऱ्याला बाया देवीला जातील. बंद पडंल का? पडंल की.

आत्याबाई, तुम्ही मला इंजिन उघडायचं शिकवायच्या आतच गेलात. पण मागं का पुढं, हे शिकवून गेलात. मी तुमची सून. हे सांगताना माझी मान ताठ आहे, एवढं बघा.

आता सगळ्यांनी उभं राहायचं. श्रद्धांजलीचं मौन म्हणतात याला. आमच्या नावेत याला दुसरं काही म्हणायचे. पलीकडच्यांनो, हे झालं की नावेकडं चला, मी तुम्हाला सोडते.

पण त्याआधी, गप बसा. आणि ऐका.