मागून हाक

हॅलो?… हां ताई, बोल. काल मध्येच कट झाला फोन…

छे गं, खांद्यात नाही धरलेला. ओट्यावर ठेवलाय, स्पीकरवर. म्हणून तुला घुमल्यासारखं वाटतंय… हो, सुट्टी आहे आज. टिल्ली बाहेरच्या खोलीत ठोकळे मांडून बसलीये…

बरं, काल तू काय म्हणत होतीस? नर्स असून माझं असं कसं झालं?… टोमणाच होता तो, ताई, ओळखते मी तुला… असू दे. तुला कधी नीट सांगितलंच नाही मी. ऐक.

कामावर लागले त्याच दिवशी इन्चार्ज सिस्टरनी मला बाजूला घेतलं होतं. म्हणाल्या, "पेशंटला गळ्यात हात घालू द्यायचे नाहीत. कितीही घाबरलेला असो, कितीही बेटा-बेटा करो. त्याचे हात खुर्चीच्या दांड्यांवर. आपला गळा म्हणजे खुंटी नव्हे"… हो, खुंटीच म्हणाल्या. मी नक्कल करायचे त्यांची, जेवणाच्या सुट्टीत. चष्मा नाकावर, बोट वर. सगळ्या हसून हसून लोळायच्या… अगं, तेव्हा अंगात रग होती. आपल्याला काय होतंय, असं वाटायचं.

आणि मग वॉर्डातले ते आजोबा. पलंगावरून खुर्चीत बसवायचे होते. माझ्याबरोबरची मुलगी औषधं आणायला गेलेली. थांबायला हवं होतं मी, पण त्यांना बाथरूमची घाई… उभे केले, तर पाय लटपटायला लागले. "पोरी, पडतो गं मी," म्हणाले आणि दोन्ही हात माझ्या गळ्यात… नाही काढले. कसे काढणार, ताई? थरथरत होते बिचारे. आणि तेवढ्यात पाय घसरला त्यांचा. अख्खा माणूस माझ्या मानेला लोंबकळला… ऐक ना, अशा वेळी अडवायचं नसतं. पेशंटला आपल्या अंगाला टेकवत हळूच खाली सरकू द्यायचं, जमिनीवर बसू द्यायचं. शिकवतात तसं. मी धरून ठेवलं…

नाही, त्यांना काही नाही झालं. साधं खरचटलंसुद्धा नाही. घरी गेले तेव्हा माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

मला?… कट्कन काहीतरी झालं, एवढंच. संध्याकाळी मान जरा अवघडली. म्हटलं, झोपले की जाईल. मलम चोळलं आणि दुसऱ्या दिवशी ड्युटीवर हजर. तिसऱ्या दिवशी पण… अगं, रजा कुणाकडे मागायची? निम्म्या मुली आजारी होत्या. अशी महिनाभर ओढली. बोटांना मुंग्या यायला लागल्या तेव्हा गेले दाखवायला. डॉक्टर काय म्हणाले माहितीये? "तेव्हाच आला असता तर गोष्ट वेगळी होती." तेव्हाच… आता दीड वर्ष होईल त्याला.

थांब हं… टिल्ली, ठोकळा तोंडात नाही. काढ. दिसतंय मला…

अगं, आरशात. सांगितलं नव्हतं का तुला? तुझ्या मेव्हण्यांनी सिंकच्या वर गोल आरसा लावून दिलाय, ट्रकला असतो तसा. भांडी घासता घासता बाहेरची खोली दिसते. टिल्लीला वाटतं, आईला पाठीमागे पण डोळे आहेत… हो ना. लग्नात कुणी सांगितलं असतं, की पुढे तुझा ट्रक होणार आहे…

मानेचा पट्टा? पट्टा काढला म्हणजे बरी झाले असं नाही ना गं… तेच तर. पट्टा होता तेव्हा बसमध्ये लोक उठून जागा द्यायचे. आता धक्के मारतात. कधी कधी वाटतं, उगाच घालून हिंडावं, निदान कुणी विचारेल तरी… रिपोर्ट नॉर्मल. मान सोडून सगळं नॉर्मल आहे माझं.

कसं दुखतं म्हणजे… कपडे वाळत घालायचा चिमटा असतो ना, तो कुणीतरी मानेला लावला आणि विसरून गेलं. उजव्या बाजूला. सकाळी जरा सैल असतो, संध्याकाळपर्यंत रुततो… आता वॉर्डातून काढून केसपेपरच्या खिडकीवर बसवलंय, पण तिथेही मान खाली घालूनच लिहायचं… रात्री कूस बदलायची तर आधी डोकं दोन्ही हातांनी उचलून पलीकडे ठेवते, भोपळा ठेवावा तसं. मागून मी जाते… हस, हस. मी पण हसते, फक्त जोरात नाही. आणि मान मोडून काम केलंस, असं कृपा करून म्हणू नकोस. ते सासूबाईंचं म्हणून झालंय.

टिल्लीचं?… तेच बोलवत नाही मला. आधी कशी, धावत यायची आणि मागून गळ्याला मिठी. आता मागून हाकसुद्धा मारत नाही ती. मी पाठमोरी असले, की बाजूने येते, माझ्या आणि ओट्याच्या मधे घुसते, वर बघते, आणि मग म्हणते, "आई"… कुणी नाही शिकवलं. बघितलं असणार तिनेच. मागून हाक मारली, की आई नुसती मान नाही वळवत, अख्खीच्या अख्खी वळते, कपाट सरकवावं तशी. तोंड वाकडं होतं आईचं. ते नको असतं तिला… एवढीशी पोर, ताई. तिने का सांभाळायचं मला?

नाही गं, रडत नाहीये. खाली मान घालून रडायचीसुद्धा सोय नाही राहिली…

तू बोल. तू फोन कशासाठी केला होतास?

हं… हं… पुढच्या आठवड्यात? सगळा आठवडा?… अगं, ट्रेनिंगला तू जायलाच हवंस, दोन वेळा नाही म्हणून झालंय तुझं. आणि आई-बाबांकडे मी येते ना राहायला. स्वयंपाक करीन, औषधं बघीन. पण बाबांना उचलणं… ताई, मला टिल्ली उचलता येत नाही, बाबांना कुठून उचलू?… "तुला युक्ती माहीत आहे." युक्ती माहीत असूनच तर हे झालं… बरं, भांडायचं नाही. ती मदतीची बाई येते ना त्यांच्याकडे? ती उठवेल.

बंद केली? कधी?… आईने? आणि मला कुणी बोललं नाही…

"स्वतःच्या नवऱ्याचं करायला बाई कशाला." हो, हे आईचंच वाक्य. मग बाबांना उठवतं कोण? आंघोळीला, संडासला, संध्याकाळी बाहेर बसवायला?… एकटी?… अगं, तो उंचापुरा माणूस, खुब्याचं ऑपरेशन झालेला, आणि ही केवढीशी. आपल्या फ्रीजच्या वरचं तिला दिसत नाही…

काय?… परत म्हण. कसं उठवते?

"म्हातारपणी लाडात आलेत, गळ्यात पडतात."… आई म्हणाली असं?

ताई, हसू नको… मस्करी नाही ही. गळ्यात पडतात म्हणजे? हात घालतात? दोन्ही?… आणि ती वर ओढते… तू पाहिलंस? डोळ्यांनी?

मग मघापासून मी तुला काय सांगत होते?

नाही… चिडत नाहीये मी… चिडत नाहीये, म्हटलं ना. मला एवढंच सांग, ती काही बोलली का? मान, खांदा, काहीही. आठव… आठव गं.

उशी?… उशी उंच होते म्हणाली. नवीन मागवली. बरं. अजून?… गरम पाण्याची पिशवी. तुझ्याकडून घेऊन गेली? कशाला?… बाबांच्या गुडघ्याला.

ताई, बाबांचा खुबा मोडला होता. गुडघा कधी दुखला त्यांचा?

थांब… थांब, थांब. परवा व्हिडिओ कॉल केला होता मी. नेहमी कसा, मोबाइल मांडीवर असतो तिच्या, मला हनुवटी आणि पंखा. परवा फडताळात उभा करून ठेवला होता, बरोबर डोळ्यांसमोर. तोंड सरळ, पासपोर्टच्या फोटोसारखं. मी म्हटलं, आई, फोन वापरायला शिकलीस की. आणि ती हसली… खाली बघता येत नाहीये तिला. मला माहिती आहे ते. मी टिल्लीची नखं तिला टेबलावर उभी करून काढते…

तुला माहीत होतं?… नक्की नाही?… अर्धवट म्हणजे काय, अर्धवट?… काय म्हणाली ती, जसं म्हणाली तसं सांग.

"धाकटीला काही सांगू नको, तिची तिला पुरे झाली आहे."…

हं…

नाही, तुला नाही बोलत काही. मी तरी कुठे सांगितलं होतं? महिनाभर रोज आईशी फोनवर बोलायचे, आणि रोज, मी बरी आहे. तिच्याकडूनच आलंय ते माझ्याकडे, दुसरं काय.

ऐक. तू जा तिच्याकडे… रविवारी नाही. आज. आत्ता… चहाच्या वेळेला ती बाबांना उठवून बाहेर बसवते ना? त्याच्या आत पोचायला हवं… गीझरवाला? येऊ दे की गीझरवाला. कुलूप बघेल आणि परत जाईल. त्याची मान काही दुखत नाहीये… गार पाण्याने कर एक दिवस आंघोळ…

अगं, मी आत्ता निघाले तरी बस मिळून पोचेपर्यंत अंधार होईल. आणि बसचा प्रत्येक खड्डा आधी माझ्या मानेत बसतो. तू दोन गल्ल्या पलीकडे आहेस, ताई… येते ना. रजा टाकते आणि उद्या सकाळीच येते टिल्लीला घेऊन. त्या बाईला पण परत बोलावू, आईशी मी भांडीन. पण आजचं उठवणं तिने करायचं नाही. आजचं उठवणं तुझं.

काय?… नाही, फोन करून नाही. फोनवर ती ठणठणीतच असते.

कसं उठवायचं ते सांगते, घाबरू नको. खुर्ची पलंगाला लागून ठेव, चांगल्या पायाच्या बाजूला. बाबांचे हात खुर्चीच्या दांड्यावर. कमरेला मोठा टॉवेल घट्ट गुंडाळ आणि तो धर. तुझा गुडघा त्यांच्या गुडघ्यापुढे. आणि ओढायचं नाही. एक-दोन-तीन म्हणायचं आणि त्यांनाच उठू द्यायचं… येतं त्यांना. वॉकर घेऊन चालतात ते, मग उठता का येणार नाही? आईने लाड केलेत… आणि घाबरून हात वर आले, तर परत पलंगावर बसवायचं. श्वास घेऊ दे, परत. कितीही वेळा. पण गळ्यात नाही. तुझ्याही नाही… रागावले तर सांग, धाकटीने सांगितलंय. माझ्यावर रागावू देत.

मलम चोळू नको हं तिला. आणि मान मोडून पण घ्यायची नाही, ती शेजारीण येते कटाकट करायला, तिला दारातूनच घालव…

हां?… अगं, टिल्ली आलीये. माझ्या आणि ओट्याच्या मधे… काय गं सोन्या? पाणी? देते हं. मावशीशी बोलतेय… हो, आजीकडे जायचं उद्या. ठोकळे पण घेऊ… जा, बूट शोध तुझे.

ताई? आहेस ना?… चप्पल घातलीस? किल्ली घे… शेजारी सांग गीझरवाल्याचं. हां.

आणि एक ऐक. जिन्यात आहेस ना, उतरता उतरता ऐक. तिथे जाऊन तिला विचारू नकोस, आई, मान दुखते का म्हणून. नाही म्हणेल. वर तुलाच बसवेल, तुझ्याच हातात कप देईल, आणि तू निवांत घरी येशील… मग कसं कळणार? सांगते ना.

दार उघडंच असतं त्यांचं. ती आत असेल, ओट्याशी, पाठमोरी, चहा टाकत. तू दारातच थांब. समोर जाऊ नको. चपलेचा आवाज करू नको. आणि मागून हाक मार. नेहमी मारतेस तशीच, "आई, आले गं"… बस, एवढंच. आणि बघ.

नुसती मान वळली, तर मी तुझ्या गीझरवाल्याची हात जोडून माफी मागते.

आणि अख्खी आई वळली, तर… काही बोलू नको. ओरडू नको तिला. आत जा, तिच्या हातातलं भांडं काढून घे, तिला बसव, आणि मला फोन कर…

हो. इथेच आहे मी… आवाज मोठा करून ठेवते… कळलं ना? मागून, ताई. समोरून ती तुला काहीच दिसू देणार नाही.

जा आता… हो… हो, ठेवते. तू ठेव. ठेव ना गं, चहाची वेळ झाली.