तक्रारदाराच्या नावे

(मोहाडी, ऑक्टोबर १९८३. तहसील कचेरीसमोर, कडुनिंबाखाली अर्ज टाइप करून देणाऱ्या लक्ष्मणरावांचं टेबल.)

लक्ष्मणराव : विरोधी पक्षाचं नाव सांगा जी बाई. त्याच्याबिगर अर्ज पुढं सरकत नाही.

सत्यवतीबाई : विरोधी पक्ष कोणी नाही. दंड संहितेचं कलम तीनशे सत्त्याहत्तर आहे. ते रद्द करावं, एवढंच मागायचं आहे.

लक्ष्मणराव : कलमाच्या विरोधात? तीस वर्षं झाली या निंबाखाली. भावाच्या विरोधात टाइप केला, सासऱ्याच्या विरोधात केला, एक जण तर शेजाऱ्याच्या बैलाच्या विरोधात करून घेऊन गेला. कलमाच्या विरोधात कोणी आला नाही.

सत्यवतीबाई : मी आले आहे. पत्ता घाला. कायदामंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली.

लक्ष्मणराव : तहसीलदार साहेबांमार्फत?

सत्यवतीबाई : टपालामार्फत.

लक्ष्मणराव : बरं. राहणार करडी, धंदा सेवानिवृत्त शिक्षिका... टाकलं. आता ज्याच्यासाठी अर्ज, त्याचं नाव अन् अर्जदाराशी नातं.

सत्यवतीबाई : गुलाब, धाकटा भाऊ. आणि बाबुलाल.

लक्ष्मणराव : बाबुलाल तुमचा कोण?

सत्यवतीबाई : तो रकाना मागाहून भरू.

लक्ष्मणराव : म्हणजे तलावाखाली धान करतात ते दोघं? बाजारात त्यांचे वांगे सगळ्यांत आधी सरतात. काय केलं जी त्यांनी?

सत्यवतीबाई : एकत्र राहतात. बारा वर्षं.

लक्ष्मणराव : ते तर साऱ्या करडीले माहीत हाये.

सत्यवतीबाई : माहीत असून कोणाचं काही अडलं नव्हतं. आता केशवरावांचा पुतण्या नागपूरला वकिली शिकतो. त्याच्या पुस्तकात केशवरावांना हे कलम सापडलं. तलावाच्या पाण्याची पहिली पाळी गुलाबची. केशवराव म्हणतात, पाळी मला सोडा, नाही तर ठाण्यात तक्रार देतो. दहा वर्षं कैद, नाही तर जन्मठेप.

लक्ष्मणराव : पाण्याच्या पाळीसाठी जन्मठेप!

सत्यवतीबाई : धान पोटरीवर आलं आहे ना, आता पाणी हवंच. बाबुलाल म्हणतो, मीच निघून गेलो तर गुलाबला कोणी हात लावणार नाही. समोर एसटी स्टँडवर पेटी घेऊन बसला आहे. एकची नागपूर गाडी. आता बारा वाजून दहा मिनिटं झाली आहेत.

लक्ष्मणराव : अन् गुलाब?

सत्यवतीबाई : परवापासून जेवला नाही. तुम्ही टाइप करा.

लक्ष्मणराव : कारण काय लिहू? कलमाची चूक काय हाये?

सत्यवतीबाई : कलम म्हणतं, 'निसर्गक्रमाविरुद्ध'. मी बत्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. निसर्गाविरुद्ध घडलेली एकही गोष्ट मला कधी शिकवावी लागली नाही. जे घडतं ते निसर्गातच घडतं.

लक्ष्मणराव : राग नका मानू बाई, पण निसर्गात एक नर अन् एक मादी, असंच राहते ना जी?

सत्यवतीबाई : सकाळी काय खाल्लंत?

लक्ष्मणराव : भात. कालचा, फोडणी देऊन.

सत्यवतीबाई : धानाच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही असतात. बहुतेक वेळा त्याचं त्याच्यातच उरकतं.

लक्ष्मणराव : काय सांगता! आख्खा भंडारा जिल्हा दोन टाइम तेच खाते!

सत्यवतीबाई : गांडुळाचं तर...

लक्ष्मणराव : गांडूळ राहू द्या. मले अजून डबा खायचा हाये.

सत्यवतीबाई : यातून सिद्ध काहीच होत नाही, लक्ष्मणराव. गांडुळाकडे बघून माणसाचा कायदा करू नये, एवढंच. आणि विरुद्धच बघायचं असेल तर रोवणी बघा. रोप एका जागी वाढवायचं, उपटायचं, दुसऱ्या बांधीत रांगेने लावायचं. निसर्गात असं कोण करतं? तिला कुठलं कलम आहे?

लक्ष्मणराव : रोवणीले कलम लावलं तर आपल्या इकडच्या साऱ्या बाया जेलात जातील अन् सरकारले भात मिळणार नाही. सांगा पुढं.

सत्यवतीबाई : लिहा. हा कायदा इंग्रजांनी अठराशे साठ साली केला. इंग्रज गेले, कायदा इथेच राहिला. कोणी जबरदस्ती केली तर शिक्षा जरूर असावी. लहान मुलांच्या वाटेला जाणाऱ्याला तर असावीच. परंतु दोन मोठी माणसं राजीखुशीने एका घरात राहतात, त्यात नुकसान कोणाचं झालं, हे हा कायदा विचारतच नाही. ज्या गुन्ह्यात कोणाचं नुकसान नाही, तो गुन्हा कसा?

लक्ष्मणराव : ...कसा. झालं. हे घ्या, वाचून पाहा.

सत्यवतीबाई : ठीक आहे... ठीक आहे... हे शेवटी काय? 'तरी सदर कलम अर्जदाराच्या नावे करून देण्यात यावे.'

लक्ष्मणराव : अरे देवा! हाताची सवय हो बाई. दिवसभर फेरफाराचेच अर्ज. 'तरी सदर' आलं की बोटं मागचं पुढचं पाहत नाहीत. सदर जमीन, सदर विहीर, सदर घर, साऱ्या... थांबा. थांबा जी.

सत्यवतीबाई : काय झालं?

लक्ष्मणराव : केशवराव कालच आले होते माझ्याकडं.

सत्यवतीबाई : तक्रार तुम्ही टाइप केलीत?

लक्ष्मणराव : पुस्तकातून उतरवलेला मजकूर घेऊन आले. मले का माहीत जी कलम कशाचं हाये? दिवसभर इतके अर्ज, नावं ध्यानात राहत नाहीत; वाटलं बांधाचं भांडण असंल. कार्बन प्रत ठेवतो मी... ही घ्या. शेवटची ओळ तुमीच वाचा. माझा धीर होत नाही.

सत्यवतीबाई : 'तरी सदर दोन्ही इसम तक्रारदाराच्या नावे करून देण्यात यावेत.'

लक्ष्मणराव : मेलो.

सत्यवतीबाई : त्यांनी वाचलं नाही?

लक्ष्मणराव : चष्मा घरी राहिला होता. सही ठोकली अन् तसेच ठाण्यात गेले... बाई, तो पाहा, बाबुलाल इकडंच येऊन राहिला.

बाबुलाल : ताई, ठाण्यातले जमादार स्टँडवर भेटले. मले वाटलं, धरायलेच आले. तर बसवून चहा पाजला! हसता हसता सारं सांगितलं.

सत्यवतीबाई : केशवरावांचं काय झालं?

बाबुलाल : जमादारांनी साऱ्या ठाण्यासमोर तक्रार वाचून दाखवली अन् विचारलं, "काहो केशवराव, दोन्ही पाहिजेत का एकानं भागंल?"

लक्ष्मणराव : अन्?

बाबुलाल : कागद हिसकून घेतला अन् निघाले. छत्री तिथंच राहिली. आज सकाळी बाजारात पोरंटोरं विचारून राहिली, "काका, फेरफार झाला का?"

लक्ष्मणराव : माझ्या सवयीनं पहिल्यांदाच कोणाचं भलं केलं. चला बाई, तुमचा अर्ज फाडू का मग?

सत्यवतीबाई : नाही. शेवटची ओळ तेवढी दुरुस्त करा.

बाबुलाल : आता कायले अर्ज, ताई?

सत्यवतीबाई : आज लक्ष्मणरावांची चूक आडवी आली म्हणून तू वाचलास. पुढच्या वेळी त्यांना चांगला टाइप करणारा भेटेल.

लक्ष्मणराव : चांगला म्हणजे? मी काय...

सत्यवतीबाई : केशवराव नसले तर आणखी कोणी असेल. पाण्यासाठी नसेल, शेताच्या धुऱ्यासाठी असेल. हात बदलतील, काठी तीच राहील. मला काठी मोडायची आहे.

बाबुलाल : दिल्लीवाले वाचतील?

सत्यवतीबाई : बहुधा नाही.

बाबुलाल : मग?

सत्यवतीबाई : प्रयोग फसला तर मी मुलींना पुन्हा करायला लावत असे.

बाबुलाल : कितीदा?

सत्यवतीबाई : जमेपर्यंत.

लक्ष्मणराव : ओळ बदलली. 'तरी सदर कलम रद्द करण्यात यावे.' कशी विचित्र वाटते, पण बसली. सही करा बाई. अन् तो रकाना अजून कोराच हाये. बाबुलाल, तूच सांग. बाईशी नातं?

बाबुलाल : दर राखीले ताई दोन राख्या आणते. एक गुलाबले, एक मले.

लक्ष्मणराव : मग भाऊ टाकू?

बाबुलाल : मले भाऊ टाकलं, तर मी गुलाबचा कोण झालो?

लक्ष्मणराव : हेही खरं. गुलाबचा कोण, त्याले माझ्याजवळ शब्द नाही बाबा. रेशनकार्डावर नाही, सातबाऱ्यावर नाही.

सत्यवतीबाई : मग रकाना कोरा सोडा. पण जागा ऐसपैस सोडा.

लक्ष्मणराव : अरे बाबुलाल, नागपूर गाडी लागली पाहा.

बाबुलाल : लागू दे. पेटीच्या एका कडीले हात लावा ताई, करडीच्या गाडीत टाकू. पाच वाजता आमची पाळी हाये, अन् गुलाबले एकट्याले बांध फोडता येत नाही.