नाकाडोंगरीचं पाकीट

...नाही, तं तुमीच सांगा, यात इश्वरचं काय चुकलं? सारं शहापूर बोलून राहिलं, "पोट्ट्यानं सरकारी डबा बिघडवला!" अरे, तुमाले डब्यातला ड तरी कळते का?

आयका. अठ्ठ्यांशीचं साल. भंडाऱ्याले एक कॉम्प्युटर, साकोलीले एक, अन् मंधात शहापूरले टेलिफोनच्या तारेवर हा डबा. इकडचा निरोप तिकडे ढकलाचा, तिकडचा इकडे. त्या डब्यावर माह्या बहिणीचा पोरगा इश्वर... हंगामी! अन् नाकाडोंगरीचे तेजरामभाऊ म्हणत, "नोकरी कायम झाली का पोरगी देतो. हंगामी जावई मले नाही पायजे." म्हणजे डब्याची चाचणी पास झाली तं नोकरी, अन् नोकरी तं लग्न!

नागपूरवरून साहेब आले. टाय लावून! मे महिन्यात! म्हणे, "हे बघ इश्वर, प्रत्येक निरोप म्हणजे एक पाकीट, त्याच्या माथ्यावर रकाने असतात. कोणाकडून, कोणाकडे... आणि हा आकडा म्हणजे त्याचं आयुष्य. डब्यानं आयुष्यातून एक कमी करायचं आणि पाकीट पुढं द्यायचं. शून्य झालं की फेकायचं, आणि पाठवणाऱ्याला कळवायचं, पाकीट मेलं. डबा अजून कच्चा आहे, फेकण्याआधी तुला विचारील. तू फक्त हो म्हण." फक्त हो म्हण! सोपं हाये बाप्पा, टाय लावून सांगाले!

मंग साहेब भंडाऱ्याले बसले अन् मुद्दाम अशा गावच्या नावानं पाकीट सोडलं, का जिथं कॉम्प्युटरच नाही. घेणारं कोणीच नाही म्हणून शहापूर-साकोली, साकोली-शहापूर हेलपाटे घालून घालून ते मरावं, हे पाहाचं होतं त्यायले. अन् पुऱ्या जिल्ह्यात साहेबाले गाव कोणतं सापडावं? नाकाडोंगरी!

झालं! पडद्यावर आलं... पाकीट नाकाडोंगरीचं, आयुष्य शून्य, फेकू का? इश्वरनं गावाचं नाव दोनदा वाचलं. होणाऱ्या सासऱ्याच्या गावचा निरोप! आमच्याकडे मंडईचं, म्हणजे गावच्या जत्रेचं, आवतन या गावचं त्या गावाले तोंडातोंडी जाते, अन् मंधातल्यानं ते गिळलं तं सोयरे जन्मभर तोंड पाहत नाहीत. त्याच्या मायनं, सत्यभामाबाईनं, तं एवढ्याचपायी सख्ख्या नणंदेशी अबोला धरला! त्या मायचा पोरगा 'फेक' म्हणन? मले सांगा, यात इश्वरचं काय चुकलं? त्यानं 'नाही' दाबलं, अन् आयुष्याच्या रकान्यात लिवलं शंभर. शतायुषी भव!

साहेब पाकिटावर पाकीट सोडून राहिले, अन् मरते कोण? एकही नाही! तार तुडुंब. भंडाऱ्याचा नत्थू बाबू फोनवर बोंबलते, "अबे इश्वर, कलेक्टरचे निरोप अडकले ना बे!" साहेब जीपनं आले, टाय खांद्यावर, तोंड लालबुंद. "गाढवा! मरणाऱ्याला मरू दे!" पोट्टा रडकुंडीले आला. मायची आन घेतली त्यानं... शून्य दिसलं का फेकीन, मंग ते पाकीट देवाचं असो!

साहेब मनाचे वाईट नाही, हे मी कबूल करतो. उतरलेलं तोंड पाहून द्रवले. भंडाऱ्याले जाऊन पयलाच निरोप म्हणून साकोलीच्या हापिसाले ऑर्डर टाईप केली, 'इश्वरला कायम करा.' पण नवीन चाचणीसाठी आयुष्याचा आकडा त्यायनं एकच करून ठेवला होता, का पाकीट शहापूरलेच मरावं... अन् तोच राहून गेला! शहापूरले येताबरोबर शून्य. डबा म्हणे, फेकू का? इश्वरनं डोये मिटले, मायले आठवलं, अन् 'हो' दाबलं! आता मले सांगा, यात तरी इश्वरचं काय चुकलं?

भंडाऱ्याले खबर गेली, पाकीट मेलं. साहेब खुर्चीतून उडाले, "शाब्बास! चाचणी पास!" कोणतं मेलं, हे पाहाले फुरसत कोणाले! ते नत्थूनं मंगून सांगतलं, तवरिक साहेबाची बदली दिल्लीले झाली होती. नवीन साहेब म्हणते, "ऑर्डर दाखवा." काय दाखवावं?

जाऊ द्या. डबा कायम झाला, तुमाले सांगतो... इश्वर अजून हंगामीच हाये.