उतरती ओळ

अनंता : दादा, ओट्यामागची ही टाईलांची ओळ खंयच्या गवंड्यान लावल्यान? त्या बाजूक चांगली दोन बोटां खाली गेली हा.

सहदेव : गवंड्याने नाही. मीच लावली. तुझ्या जानकीवहिनीने दोरा धरला होता.

अनंता : तरीच. मी आपलो उगाच माझ्या गवंडी जातभाईक शिव्या घालीत होतंय.

सुलक्षणा : मी लग्न होऊन या घरात आले ना, तेव्हा मला वाटलं माझेच डोळे तिरके आहेत. आईंना विचारलं तर म्हणाल्या, गप बस, सासऱ्यांची कारागिरी आहे.

सहदेव : माझी एकट्याची? बघ, जाताना सगळं माझ्यावर ढकलून गेली.

अनंता : पण गवंडी नाय मिळालो तुका? अख्ख्या घाटकोपरात?

सहदेव : मिळाला होता की. अर्धी भिंत लावली आणि गणपतीला गावी गेला. संपाच्या आधीची गोष्ट, मला गिरणीत रजा नव्हती. जानकी म्हणाली, तो येईपर्यंत दिवाळी येईल, आपणच लावू. दोरा निळीत भिजवला. तिने तिच्या खांद्याशी धरला, मी माझ्या खांद्याशी.

अनंता : खांद्याशी? अरे, तुझो खांदो खंय आणि वैनीचो खंय!

सहदेव : ती पाटावर उभी होती रे. तरी दोन बोटं कमी पडली. ओळ पुरी झाल्यावर लांब जाऊन बघितली, आणि दोघं तिथेच खाली बसून हसलो.

सुलक्षणा : बाबा, अजून सांगा. राहू दे म्हणालात तर राहू देऊ.

सहदेव : नको गं. मागे झुरळांनी संसार थाटलाय. तूच रोज चपला घेऊन धावतेस. काढू या. फक्त तिच्या बाजूची शेवटची टाईल मला अख्खी हवी. कपाटात ठेवीन.

अनंता : जुना सिमेंट दगड झालाहा, दादा. बघतंय, पण वचन देत नाय.

सुलक्षणा : काका, छन्नी बाजूने घाला. हळू.

अनंता : सूनबाई, तूच धरतस काय छन्नी?

(छन्नीचे हलके ठोके. मग टाईल तडकल्याचा आवाज.)

अनंता : गेली, दादा. तुकडे झाले.

सहदेव : असू दे. तू बेतानेच मारत होतास, बघत होतो मी.

सुलक्षणा : बाबा, थांबा. तुकड्यांबरोबर मागचं सिमेंटही सुटून आलंय. भिंतीवर निळी रेघ आहे बघा.

सहदेव : दोऱ्याची आहे ती. टोकाला काय दिसतं?

सुलक्षणा : अंगठा आहे. अख्खा उमटलाय.

सहदेव : दोरा निसटेल म्हणून दाबून धरला होता तिने. मी सांगितलं होतं, हलू नकोस. दोन दिवस तो निळा अंगठा घेऊन फिरली. नळावर बायका विचारायच्या, मतदान करून आलीस का गं?

सुलक्षणा : मग एवढी जागा सोडू या. इथे टाईल नको. मी पुसतानाही सांभाळीन.

सहदेव : ओट्यामागे? फोडणीच्या तेलाने चार दिवसांत काळा होईल. टाईलखाली होता म्हणून टिकला. अनंता, लाव तू टाईल.

अनंता : नक्की, दादा?

सहदेव : नक्की. आहे कुठे ते कळलं, बस झालं.

अनंता : बरा. तेवढ्या जागेवर छन्नी मारणार नाय मी. आता पाण्याच्या नळीन पातळी बघून दोन्ही बाजूंक खुणा केल्यात. खांदे मोजूचे नाय. दोरो कोण धरता?

सहदेव : हे टोक मी धरतो. सुलक्षणा, तू आईच्या जागी उभी राहा. पाट नको घेऊस, तू उंच आहेस.

सुलक्षणा : इथे धरू?

सहदेव : तिच्या अंगठ्याच्या वर. दोन बोटं वर, खूण आहे तिथे. हां. आता अंगठा दाब, आणि मी सांगेपर्यंत हलू नकोस.