विल्मारचा थर्मास

बसा, बसा काका, रिकामीच आहे खुर्ची — म्हणजे आमच्या विल्मारसाठी धरलीय मी, पण तो येईपर्यंत बसा. हॉटेलच्या लिफ्टकडे तोंड करून बोलतेय म्हणून रागावू नका हं. अहो, अहो, थर्मासला हात नको! माझा नाही तो. माते, म्हणजे आमचा पाल्याचा चहा हो, त्याचं गरम पाणी आहे त्यात, आणि पाला या भोपळ्याच्या पेल्यात. तुम्हाला चिलीवाल्यांना काय त्याचं, तुम्ही पावडरची कॉफी पिणारी माणसं! हसताय? हसा.

मी ग्लाडिस, मोन्तेविदेओची. दातांच्या डॉक्टरांकडे असतात ना, पेशंटला आडवं करायच्या खुर्च्या, त्या विकतो आम्ही. दौऱ्यावर तिघं निघालोय — मी, विल्मार आणि आमचे साहेब वॉशिंग्टन. हो, नावच आहे त्यांचं, आमच्याकडे ठेवतात असली. असुन्सिओन झालं, ला पास झालं, आता तुमचं सांतियागो. ला पासला तर अशी फजिती! आमच्याकडे मातेचं पाणी उकळलं की वाया गेलं — पाला जळतो, म्हणून सरळ ओतून द्यायचं. विल्मारला उंचीवरची हवा बाधली, तो आडवा, म्हणून किटली मी हातात घेतली. आणि तिथं पाणी ठेवलं नाही तोच बुडबुडे! दिलं ओतून. पुन्हा ठेवलं, पुन्हा बुडबुडे. तीनदा ओतलं मी! शेवटी खोली झाडायला आलेली बाई पोट धरधरून हसली — म्हणाली, अहो बाई, इतक्या उंचावर उकळलेलं पाणीच बेताचं गरम असतं. तोवर डॉक्टरांच्या बैठकीला तासभर उशीर. साहेब दिवसभर धुमसत होते.

तर ते पहिलं माते मी प्यायले. पेला एकच, पाला तोच, वरून पाणी ओतत राहायचं; आणि जो ओततो त्यानं पहिलं प्यायचं, अशी रीतच आहे. कडू जहर हो काका! पुढची सगळी मवाळ, पण पहिलं — शी! आणि एकोणीस वर्षं आम्ही ऑफिसात शेजारी बसतो, एकोणीस वर्षं रोज सकाळी तोच ओततो, ते कडू स्वतः पितो आणि मला दुसरं देतो. एकदा तोंड वाकडं नाही! मला कुठं माहीत होतं? तो उशीत तोंड खुपसून कण्हत होता आणि मी शेजारी बसून रडत होते. कशानं? कडूनं, म्हणून सांगितलं त्याला. तुम्हालाही तेच सांगते.

आता काल काय झालं — इथं आमच्या खुर्च्या घेणारे जे व्यापारी आहेत ना, त्यांनी त्याला विचारलं, इथंच राहतोस का, अख्खं दुकान तुझ्या हाती देतो. साहेब म्हणाले, उद्या अकराला विमानतळाची गाडी येईल, बॅग घेऊन खाली आलास तर आमचा, नाहीतर राहा सुखानं. आणि मी काय म्हणावं? मी म्हटलं, राहा की, चांगलंच आहे! असं म्हटलं, काका, गाढवासारखं. मला काय करायचंय, त्याचं तो बघेल. आज न्याहारीला बघते तर कॉफी पितोय, तुमची ती पावडरची.

काय? मग त्याचा थर्मास माझ्याकडे कसा? भलतेच चौकस आहात हो. काल संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर विसरला होता, मी उचलला आणि माझ्या खोलीत नेला. चोरी कसली! म्हटलं, मागायला तरी येईल माझ्याकडे. नाही आला. थर्माससाठी येत नाही तो माणूस माझ्यासाठी कशाला —

अकराला पाच कमी. साहेब बाहेर गाडीपाशी उभे आहेत. लिफ्ट आली... छे, कुत्रं घेऊन कोणी बाई आहे.

जाऊ द्या. घ्या तुम्हीच, प्या. तोंड वाकडं केलंत तर बघा — नको, थांबा. थांबा! जिन्यानं आला. बॅग आहे? आहे! दोन्ही बॅगा आहेत हो! उठा काका, उठा — अहो सांगितलं होतं ना, ही त्याची खुर्ची आहे म्हणून! पेपर घ्या तुमचा. द्या इकडे तो पेला. आज मी ओतते, पहिलं मीच पिणार. हसताय काय? जा ना आता!