बन गई

(धार. पोलीस ठाण्याच्या थोडं अलीकडे, निंबाखाली उभी केलेली गाडी. पुढे मेधाचे वडील नीलकंठ आणि चर्चच्या तरुण संघाचा लीडर अजेय. मागच्या सीटवर सोळा वर्षांची मेधा.)

नीलकंठ: पुन्हा. पहिल्यापासून.

मेधा: पप्पा, देवास सोडल्यापासून तेच तर बोलते आहे मी.

नीलकंठ: आणि देवास सोडल्यापासून एकाच जागी अडखळते आहेस. हे बघ, मी ठाण्याचा मोठा अधिकारी, टीआय साहेब आहे. 'बेटी, तुम क्रिश्चियन कब बनी?'

मेधा: 'सर, वो शिविर में...'

नीलकंठ: झालं! इथल्या त्या शिबिराचं नाव काढलंस की संपलं सगळं. 'बनी नहीं साहब, जन्म से हूँ.' बस. पुढे तोंड शिवून टाकायचं.

अजेय: काका, जरा प्रेमाने घ्या, घाबरते ती. चिऊ, बेटा, सुन ना. सगळ्या बयानात एकच शब्द बदलायचा आहे आपल्याला. 'बन गई'च्या जागी 'हूँ'. इतकंसं. हिंदीच्या पेपरात नाही का करत, रिक्त स्थान भरो?

मेधा: पण दादा, मी माइकवर 'बन गई' बोलली. व्हिडिओत आहे ते.

अजेय: म्हणून तर इथे उभे आहोत.

नीलकंठ: शिबिरातला तो चिराग तुझा व्हिडिओ काय स्टेटसला टाकतो, त्याच्या गल्लीतली पोरं तो काय उचलतात आणि तक्रार काय करतात! चार पिढ्यांत आपल्या घरातलं कोणी ठाण्याची पायरी चढलं नव्हतं. तुझ्या एका वाक्यापायी पाळकसाहेब सकाळपासून तिथे बाकड्यावर बसलेत. 'अल्पवयीन मुलीचं धर्मांतर' म्हणे. कशातून कशात? अंगावरचं पीत होतीस तेव्हा याच पाळकसाहेबांनी मांडीवर घेऊन बाप्तिस्मा दिला तुला.

मेधा: ते मला आठवत नाही ना, पप्पा. तेच बोलली होती मी माइकवर. की ते तुमचं होतं, मम्मीचं होतं. आज माझं झालं.

नीलकंठ: माझं, तुझं! धर्म म्हणजे काय टॉवेल आहे, ज्याचा त्याचा वेगळा असायला?

मेधा: दादांनीच शिकवलं. बोर्डावर लिहिलं होतं मोठ्या अक्षरांत, जन्माने कोणी ख्रिस्ती नसतो, बनावं लागतं. सगळ्यांकडून म्हणवून घेतलं. सरदारपुरच्या मुलांना मराठी येत नव्हती तर हिंदीत पण म्हणवलं. लिहिलं होतं ना, दादा?

अजेय: ते शिबिरातलं बोलणं होतं गं.

मेधा: मतलब?

अजेय: मतलब तिथलं तिथे. प्रत्येक गोष्ट प्रत्येक जागी नसते बोलायची.

मेधा: तुम्ही तर उलटं बोलला होता. की कोणी पण विचारलं, कुठे पण विचारलं, तर लाजायचं नाही.

नीलकंठ: उलट उत्तर नको. मोठ्यांशी बोलते आहेस.

मेधा: पप्पा, शाळेत मोना विचारते, तुम्ही महाराष्ट्रीयन, मग तुमच्याकडे गणपती का नाही बसत? तुम्ही सांगितलं, सुतक आहे म्हणून सांग. दर वर्षी सुतक सांगते मी. आधी काका मारला, मग आत्याला मारली. मागच्या गणपतीला कोणी उरलंच नाही तर मोनाच बोलली, या वेळी कोण गेलं?

नीलकंठ: मग काय बिघडलं? आत्या जिवंत आहे ना?

मेधा: आत्या आहे. माझंच कळत नव्हतं मला, की मी आहे का. वर्गात महाराष्ट्रीयन, रविवारी ख्रिस्ती. मग कोणाला तरी कळलं आणि 'चावल की बोरी' सुरू झालं. तांदळाच्या एका बोरीपायी धर्म विकला तुम्ही लोकांनी, असं. डब्यात भात नेणं बंद केलं मी. मम्मीला वाटलं डायटिंग करते.

नीलकंठ: हसून सोडून द्यायचं. आम्ही नाही ऐकलं? माझं नाव नीलकंठ का आहे? माझ्या वडिलांनी विचार करून ठेवलं. ऑफिसात निम्म्या लोकांना आजही ठाऊक नाही. आपल्यात ख्रिस्ती असणं म्हणजे रविवारी इस्त्रीचे कपडे, नाताळला कानवले, आणि मेल्यावर आपल्या कबरस्तानात आपली जागा. बाकीचे दिवस कोणाच्या डोळ्यांवर यायचं नाही. एवढं सोपं आहे ते. तुला तेवढंही सांभाळता आलं नाही.

मेधा: शिबिरात पहिल्यांदा मोठ्याने बोलली ना मी, तर एकदम मोकळं वाटलं. जसं काही... नाही सांगता येत. मी झाली, असं वाटलं. ते मी कसं बोलू की नाही झालं?

अजेय: चिऊ, मनात ठेव ना. कोण काढून घेतंय? आत फक्त 'हूँ' म्हण.

मेधा: दोन्ही बोलली तर? की जन्म तर ख्रिस्ती घरातला आहे, पण त्या दिवशी मी स्वतः मानलं. हे तर खरं आहे. यात कोणाला काय करता येईल?

अजेय: बेटा, तिथे बयान लिहायला मुन्शी बसलाय. तू दहा वाक्यं बोलशील, तो त्यातलं एक लिहील. आणि ते कोणतं, हे तुला पण माहीत आहे.

मेधा: पाळकसाहेब काय म्हणतात?

अजेय: ते आता थकलेत गं. शुगर आहे, सकाळपासून काही खाल्लं नाही. त्यांना यातलं काही समजत नाही.

नीलकंठ: सांगून टाक. आत गेल्यावर कळेलच तिला.

अजेय: काका, गरज काय आहे?

नीलकंठ: फोनवर म्हणाले, मुलीला आणू नका. ती जे बोलली ते तिचं आहे, तिच्याकडून मोडवून घेऊ नका, मी बसतो इथे. घे. झालं समाधान?

मेधा: मग आपण कशाला आलो?

नीलकंठ: त्यांना ना मूल ना बाळ. त्यांना बोलायला काय जातं!

मेधा: दादा? त्यांनी नको म्हटलं तर मग कोणासाठी आलो आपण?

अजेय: चर्चच्या मंडळीसाठी. सगळ्यांसाठी.

मेधा: दादा.

अजेय: तक्रारीत पाळकसाहेबांनंतर 'एक अज्ञात इसम' लिहिलंय, तो मी आहे. बस? माइक मीच धरला होता तुझ्यासमोर. तोंड नाही दिसत, हात दिसतो. घड्याळ दिसतं. ही पोरं आज ना उद्या ते घड्याळ ओळखतील.

मेधा: आज घातलं नाही तुम्ही.

अजेय: नाही घातलं.

नीलकंठ: आणि तुझ्या आईचं विचार ना! देवासला, तिच्या शाळेत सकाळी कोणीतरी व्हिडिओ दाखवला. मॅडम, थोडे दिवस घरीच थांबा, म्हणाले. सतरा वर्षं त्यांची पोरं शिकवली तिने. दारातून परत आली आणि चप्पल न काढता पलंगावर बसली. हे तुझं बनणं. तू मोकळी झालीस आणि ती घरी बसली.

मेधा: मम्मीने मला नाही सांगितलं.

नीलकंठ: ती कशी सांगेल? तिला वाटतं तू लहान आहेस.

मेधा: मला मम्मीला फोन करू द्या.

नीलकंठ: आधी बयान.

मेधा: मी खोटं नाही बोलणार, पप्पा. मी मम्मीची माफी मागेन. त्या शाळेत जाऊन पण मागेन. पण त्या दिवशी झालं ते झालंच. ते नाही झालं असं नाही बोलणार मी.

नीलकंठ: आता कानाखाली बसेल!

अजेय: काका, थांबा. गाल लाल घेऊन आत कशी नेणार? मला बोलू द्या दोन मिनिटं. चिऊ, इकडे बघ. काय झालं होतं त्या दिवशी? खरं खरं सांग.

मेधा: तुम्ही होता ना तिथे.

अजेय: तरी सांग.

मेधा: मी रडली. छातीत गरम गरम वाटलं. आणि कोणीतरी हाक मारली. माझ्या नावाने. सगळे डोळे मिटून होते आणि मला साफ ऐकू आलं.

अजेय: चिऊ म्हणून की मेधा म्हणून?

मेधा: मेधा.

अजेय: मी मारली होती.

मेधा: काय?

अजेय: हाक. माइक तोंडाजवळ घेऊन, हळूच. मी नेहमी तसं करतो. डोळे मिटायला लावायचे आणि मग फिरून बघायचं, कोणाचा ओठ थरथरतोय. त्याचं नाव घ्यायचं. सकाळपासून उपास, पत्र्याचा हॉल, वर मे महिन्याचं ऊन. गिटारवर तेच दोन कॉर्ड घोळवत राहायचं आणि आवाज थोडा थोडा वाढवायचा. कोणीतरी फुटतंच, बेटा. दर शिबिरात एक जण फुटतो. मागच्या वेळी नालछाची कृतिका होती. या वेळी तू.

मेधा: तुम्ही मुद्दाम करता?

अजेय: पद्धत आहे ती. मला पण कोणीतरी शिकवली. एक रडलं की बाकीचे रडतात, मग शिबिर चांगलं झालं म्हणतात.

मेधा: पण मी... मला तर ऐकू आलं होतं.

अजेय: ऐकू आलंच असेल. स्पीकर तुझ्या डाव्या बाजूला होता.

नीलकंठ: ऐकलंस? यासाठी तुझी आई घरी बसली. कॉर्डसाठी.

मेधा: पप्पा, पाणी द्या.

नीलकंठ: घे. डोळे पण धू. रडलेली दिसलीस तर म्हणतील बापाने जबरदस्तीने आणली.

मेधा: विचारा.

नीलकंठ: काय?

मेधा: टीआय साहेब व्हा ना. विचारा.

नीलकंठ: 'बेटी, तुम क्रिश्चियन कब बनी?'

मेधा: 'बनी नहीं, सर. जन्म से हूँ.'

नीलकंठ: 'किसी ने ज़बरदस्ती की? कोई लालच दिया?'

मेधा: 'नहीं, सर. हमारा घर चार पीढ़ी से है.'

अजेय: 'फिर वीडियो में वो क्या बोल रही थी?'

मेधा: 'नाटक था, सर. डायलॉग था, मैंने बोल दिया.'

अजेय: 'किसने दिया डायलॉग?'

मेधा: हे पण विचारतील?

अजेय: हे विचारतील, चिऊ. हे नक्की विचारतील.

मेधा: 'याद नहीं, सर. बहुत बच्चे थे.'

अजेय: 'और रो क्यों रही थी?'

मेधा: 'गर्मी थी, सर. सुबह से कुछ खाया नहीं था.'

नीलकंठ: वा! एकदासुद्धा अडखळली नाही. हेच सकाळी केलं असतंस तर एव्हाना घरी पोचलो असतो.

अजेय: शाब्बास, चिऊ. खरंच शाब्बास. आणि सुन, ते गिटारचं वगैरे मी असंच बोललो हं. तुला तयार करायला. मनाला लावून नको घेऊ.

मेधा: नाही घेतलं.

अजेय: तुला जे वाटलं ते खरंच असेल. हाक मी मारली म्हणून देवाने मारली नाही, असं थोडंच आहे? रविवारी ये, शांतपणे बोलू आपण. तुझ्यासारख्या मुलींमधूनच पुढे लीडर तयार होतात.

मेधा: मम्मीला फोन करू आता?

नीलकंठ: आत जाऊन आलो की कर. तिला म्हणावं, सगळं ठीक झालं. चला, उतरा. ओढणी नीट घे. पाळकसाहेब तुझ्याकडे बघतील, तू त्यांच्याकडे बघायचं नाही. बयान संपेपर्यंत तर अजिबात नाही.

मेधा: नाही बघणार.

अजेय: काका, एक मिनिट. अशा कामाला असंच नाही जायचं. दारं बंद करा, दोन शब्द प्रार्थना करून निघू. चिऊ, तूच कर बेटा, तू किती छान करतेस.

मेधा: मला नाही येत, दादा. मी फक्त जन्मानेच आहे.