उजव्या कोपऱ्यातलं बटण

रेकॉर्डिंगचं बटण तुम्हीच दाबा, मी हात नाय लावत. झालं चालू? बरं. मी मूळची लासूर स्टेशनच्या अलीकडच्या एका खेड्यातली, गावाचं नाव नका लिहू, लहान गाव हाये, लगेच कळतंय कोणाची लेक ते. वडील मार्केटात कांद्याच्या गोण्या तोलायचे आन् घरी थोडं रान, एक विहीर. मी भित्री. हे आधीच सांगून ठेवते म्हणजे पुढचं तुम्हाला कळंल. विहिरीवर मोटारीची पेटी व्हती, तिला दोन बटणं, एक हिरवं एक लाल. वडील म्हणले व्हते विहीर कोरडी पडली, बटणाला हात लावायचा नाय, आन् मी खेळता खेळता हिरवं दाबलं आन् विसरून निघून गेले. मोटार कोरडी चालत राहिली, जळाली. वडिलांनी मारलं नाय. बोलले बी नाय. त्या दिवशी जेवले नाय, दुसऱ्या दिवशी बी माझ्याशी बोलले नाय, आन् काय सांगू तुम्हाला, मारलं आसतं तर बरं झालं आसतं. तवापासून मला बटणाचं भेव.

आन् नशिबात काम काय आलं, तर दिवसभर बटणंच दाबायचं. गंगापूरला मावशीकडं राहून टायपिंग शिकले, मराठी चांगलं जमायचं. मग लग्न झालं, वाळूजला आले, मालक, म्हणजे घरधनी, तिथंच कंपनीत, आठवड्याला शिफ्ट बदलायची. लेकरं शाळेला जायला लागली तवा मी काम बघितलं शहरात, औरंगपुऱ्याकडं, नानांकडं.

नाना म्हणजे कोण ते सांगते. आपल्याकडं निजामाच्या वेळचे जमिनीचे कागद उर्दूत हायेत ना, कोणाच्या घरात पेटीत, कोणाचे कचेरीत, वारसाचं काम निघालं, बांधाचं भांडण निघालं की तो कागद काढायचा आन् मग तो वाचणारा शोधत फिरायचं. तो वाचणारा म्हणजे नाना. जातीनं ब्राह्मण, घरात देवपूजा, आन् उर्दू आशी वाचायचे की शहागंजातले मुल्लाजी बी त्यांच्याकडं कागद घेऊन यायचे. त्यांचे वडील तहसिलात कारकून व्हते, त्यांच्याकडून शिकले. नाना उर्दूत आधी साफ उतरून काढायचे, मग मला तोंडानं मराठीत सांगायचे, मी टाईप करायची. त्यांच्या घराची पुढची खोली तेच आमचं ऑफिस.

आता मशीनीचं. काम्प्युटर एकच, पण त्याच्यात सिस्टिमा दोन. चालू केली की विचारायची, कोणत्या घरात जायचं. एक उर्दूची, नानांची, जुनी, त्यांचं लिहिण्याचं सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमवर चालतच नव्हतं. दुसरी मराठीची, माझी. आन् तिसरा एक भाग नुसता ठेवणीचा, कोठारच म्हणा, तो दोघांना बी दिसायचा. एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं लागंल. उर्दू उजवीकडून डावीकडं चालते, म्हणून त्या सिस्टिममधी सगळंच उलट्या अंगानं. माझ्या मराठीत मशीननं काय विचारलं तर नको म्हणायचं बटण उजव्या कोपऱ्यात. नानांच्या उर्दूत नको डावीकडं, आन् उजव्या कोपऱ्यात हो.

कोठारात काय व्हतं? हातांची वही. नानाच तिला वही म्हणायचे, कागद नव्हता त्यात एक बी. आसं हाये, जुने कारकून लिहायचे घाईघाईत, नुक्ते म्हणजे अक्षरांवरचे ठिपके द्यायचे नाय, अक्षरात अक्षर अडकवायचे, आन् प्रत्येकाचा हात येगळा. नानांनी काय केलं, हजारो कागदांतून एकेक शब्द स्कॅन करून कापून घेतला, त्याच्याखाली तो शब्द साफ उर्दूत, त्याच्याखाली मराठीत, आन् हा कोणाचा हात, कोणत्या गावांकडचा. कारकुनांची नावं कोणाला ठाऊक? मग नानांनीच ठेवली. एक घाईचा हात. एक डावरा हात. एक थरथऱ्या हात, वैजापुराकडचा. एकाला नाना उदास हात म्हणायचे, मी म्हणलं हात कसा उदास आसंल, तर म्हणले ओळीच्या शेवटी खाली उतरतो बघ. वीस वर्षं केलं त्यांनी हे. आन् मग त्यांचे डोळे गेले. काचबिंदू. आधी कडेकडेचं दिसंना, मग मधलं बी. पण वही व्हती ना. कागद आला की मी त्यातला शब्द वहीतल्या शब्दांशी ताडून बघायची, कोणता हात ते सांगायची, आन् नाना डोळे मिटून सांगायचे, मग हा शब्द अमुक आसंल. वहीच त्यांचे डोळे झाली व्हती. आन् ती परत व्हणार नव्हती, कामून की करणाऱ्याला आता दिसत नव्हतं.

म्हणूनच मला भेव वाटायला लागलं. मशीन जुनी, मधीच घरघर करायची. मी मालकाला म्हणलं एखाद्या दिवशी ही बसली तर? मग एक नवी डिस्क आणली, वहीची नक्कल काढून ठेवू म्हणून. बघा, भेवापोटीच केलं सगळं. आन् भेवानंच घात केला.

सकाळचे दहा वाजले व्हते, नाना आंघोळीला गेले व्हते. मशीन त्या वेळी उर्दूत उघडी, कामून की वही उर्दूतूनच नीट उघडायची. नवी डिस्क लावली. नव्या डिस्कला आधी पाटी लिहावी लागते, लेबल म्हणतात, कुठून कुठपर्यंत कोणता भाग हे त्या पाटीवर आसतं. ते लिहायचं एक सॉफ्टवेअर हार्डवेअरवाल्या शेखभाईंनी आधी कधीतरी टाकून दिलं व्हतं. मी उघडलं, दोन डिस्का दिसल्या, एक निवडली, लिहा म्हणलं. त्यानं इंग्रजीतच विचारलं, हिच्यावरचं जुनं लेबल पुसून कोरं लिहितोय, खरंच करू का? आन् मी नाव वाचलं तर ते नव्या डिस्कचं नव्हतं. जुनीचं व्हतं. मनात म्हणलं नको नको नको, आन् हात गेला उजव्या कोपऱ्यात. सवयीनं. दाबल्यावर कळलं की मी मराठीत नाय, उर्दूत हाये.

मशीन आपोआप बंद झाली आन् परत चालू झाली. काळा पडदा. वर एक पांढरी ओळ, इंग्रजीत, सिस्टिम सापडत नाय. कोणत्या घरात जायचं हे विचारणारं पानच आलं नाय. मी तिथंच बसले, आन् खरं सांगते, मला त्या वेळी विहिरीवरचा जळका वास आला, खोलीत कायसुदिक जळलेलं नव्हतं.

नाना आले, भिंतीला हात लावत लावत, खुर्चीत बसले. म्हणले आज कोणता कागद? मी म्हणलं नाना, लाईट नाय. ते म्हणले, लाईट नाही तर माझ्या डोक्यावर वारा कुठून येतोय? पंखा फिरत व्हता वर. मी म्हणलं, मशीनपुरती गेली. ते बरं म्हणले आन् चहा मागितला. इतकं शरमल्यासारखं झालं मला, की चहात साखर टाकली का नाय तेच आठवंना.

मागच्या ओसरीत जाऊन शेखभाईंना फोन लावला. ते गंगापूरला, नातेवाइकाच्या लग्नात, मागं बँड वाजतोय. मी रडत रडत सांगितलं. ते म्हणले ताई, आधी एक सांगा, त्यानंतर काही लिहिलं का त्याच्यावर? मी म्हणलं हात बी लावला नाय. मग म्हणले, ऐका, सातबारा फाटला म्हणून रान कुठं जात नाही. रान जागेवर आहे, फक्त कोणाची हद्द कुठून कुठं ते लिहिलेलं गेलं. ते शोधायचं आणि परत लिहायचं. पण चुकीची हद्द लिहिली तर मशीन त्या हद्दीप्रमाणं नांगर घालायला सुरुवात करंल, मग मात्र मला काही विचारू नका. म्हणजे काय, धीर बी दिला आन् भेव बी दुप्पट केलं.

त्यांनी एक पेनड्राइव्ह आमच्याकडं ठेवलेला व्हता, त्याच्यावरून मशीन बाहेरून चालू होते. तो लावला. फोन कानाला, ते सांगतील तसं मी करायची, प्रत्येक वेळेला आधी नानांना ऐकू जाणार नाय आशी कुजबुजत वाचून दाखवायची मग दाबायची. मशीननं डिस्क पहिल्या टोकापासून चाचपायला घेतली, हद्दीचे दगड कुठं सापडतात ते. एक टक्का, दोन टक्के. अकरा वाजले, बारा वाजले. एक बाई सासऱ्याचा कागद घेऊन आली, तिला म्हणलं उद्या या. नाना खुर्चीत तसेच. एकदा म्हणले, सुमन, आज तुझ्या बोटांचा आवाज येत नाही. मी म्हणलं व्हय नाना. तेवढंच.

अडीचच्या सुमाराला झालं. सापडलं, पण कसं? उर्दूचा भाग सापडला, एकच, बरोबर. त्याच्यापुढं कोठार दोनदा सापडलं. दोन्हीची सुरुवात एकाच जागी, पण एक अलीकडंच संपतंय, त्याच्यापुढं मराठीचा भाग, आन् दुसरं पार डिस्कच्या शेवटापर्यंत, मराठीच्या भागावरून जातंय. दोन्ही तर खरे नसणार. शेखभाईंना विचारलं. ते म्हणले ही मशीन मी लावलेली नाही ताई, मला नाही सांगता येणार. ज्यानं लावून घेतली त्याला विचारा. आन् बँडच्या आवाजात फोन कटला.

मला वाटलं मोठं घ्यावं. मोठं घेतलं तर जास्त परत येईल, आसंच कोणाला बी वाटंल. बोट बटणापर्यंत गेलं व्हतं. मग मला मोटार आठवली. तवा बी मी कोणाला विचारलं नव्हतं. हात मागं घेतला, पदरात गुंडाळला, आन् म्हणलं नाना, मला काय तरी सांगायचंय.

सगळं सांगितलं. लाईट गेली नव्हती हे बी सांगितलं. वही दिसत नाय म्हणलं. नानांच्या हातात बशी व्हती. त्यांनी ती खाली ठेवायला टेबल चाचपलं, सापडलं नाय, मी धरली. ते काय बोलंनात. किती तरी वेळ बोलंनात, आन् मी मनात म्हणलं, झालं, आता हे बी बोलणार नाय माझ्याशी. मी लहान झाले हो तिथल्या तिथं. मग नाना म्हणले, मला भीती वाटते आहे सुमन. आजवर त्यांच्या तोंडून हे कधी ऐकलं नव्हतं, डोळे गेले तवा बी नाय. म्हणले, तुलाही वाटत असेल. आपण दोघं मिळून बघू. काय दिसतंय ते वाच.

मी वाचलं. कोठाराची सुरुवात एकच, शेवट दोन. नाना ऐकत राहिले, मान एका अंगाला करून, एका जमिनीवर दोन नोंदी निघाल्या की ऐकायचे तसंच. म्हणले, लहान जिथं संपतं, त्याच्या पुढं काय आहे? मी म्हणलं मराठी, माझी सिस्टिम. तेव्हा त्यांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. म्हणले, मोठी नोंद जुनी आहे, तू यायच्या आधीची. तेव्हा पुढचं सगळं माझंच होतं. तू कामाला आलीस तर तुझ्या मराठीला जागा नव्हती, मी मशीन लावणाऱ्या माणसाला सांगितलं, माझ्या कोठारातलं काढ आणि हिला दे. लहान घे, सुमन.

मी घेतलं. मशीननं विचारलं, लिहू का. मी मोठ्यानं वाचून दाखवलं, हो कोणत्या बाजूला, नको कोणत्या बाजूला ते बी सांगितलं. नाना म्हणले दाब. मी दाबलं आन् डोळे मिटून घेतले, म्हणजे त्या खोलीत कोणालाच काय दिसत नव्हतं. मग मशीनचा तो नेहमीचा आवाज आला. डोळे उघडले तर पान आलेलं, कोणत्या घरात जायचं. उर्दूत गेले, कोठार उघडलं. नाना म्हणले उदास हात आहे का बघ. व्हता. ओळीच्या शेवटी खाली उतरलेला. मला रडू फुटलं, आन् नाना म्हणले, आता चहा कर, सकाळच्यात साखर नव्हती.

आता वहीच्या नकला हायेत, एक त्यांच्या कपाटात, एक माझ्या घरी वाळूजला तांदळाच्या डब्यात, शेखभाई हसतात, हसू द्या. नानांना आता उजेड बी कळत नाय. कागद कमी झाले, पण येतात. भेव माझं गेलं नाय, ते जाणार बी नाय, पण आता मी ते मोठ्यानं वाचून दाखवते. आन् सकाळी मराठीत शिरताना रोज आठवतं, ही जागा नानांनी स्वतःच्यातून काढून दिलेली हाये. त्यांना देव सुखात ठेवो, तुम्हाला बी ठेवो. आता ते रेकॉर्डिंग बंद करताना घाई नका करू, आधी काय विचारतंय ते मला वाचून दाखवा, ठेवायचं बटण कोणत्या बाजूला, पुसायचं कोणत्या बाजूला ते सांगा. हां. दाबा.